पार्श्वभूमी : शर्यतीचे विमान नव्याने घडवायचे की लढाऊ विमानच तासायचे?

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात, रीनो शहराजवळच्या स्टेड विमानतळावर तिथली शेवटची विमान शर्यत झाली. १९६४ पासून जवळपास दरवर्षी भरणारा हा मेळा तिथून उठला आणि २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला भरला.

या मेळ्यातला पिस्टन इंजिनांचा सर्वांत वेगवान गट ‘अनलिमिटेड’. मुख्य अट पिस्टन इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) असण्याची. इंजिन किती मोठे असावे यावर बंधन नाही. एवढी मोकळीक असताना कोणीतरी शर्यतीसाठीच आखलेले हलके, निमुळते विमान आणून सगळ्यांना मागे टाकले असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात रीनोतले अनलिमिटेडचे विजेतेपद प्रत्येक वेळी १९४० च्या दशकातल्या एखाद्या लढाऊ विमानाकडेच गेले. त्याच धावपट्टीवरून उडणाऱ्या छोट्या इंजिनांच्या गटांत मात्र मुद्दाम घडवलेल्या विमानांनी मैदान मारले. या कोड्याची उकल इंजिनापाशी होते, आणि तिची मुळे शंभर वर्षांमागे आहेत.

पहिली मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रँसला झाली. ग्लेन कर्टिसने ताशी सुमारे ७५ किमी वेगाने गॉर्डन बेनेट चषक जिंकला. लुई ब्लेरिओ काही सेकंदांनी मागे पडला. चारच वर्षांनी त्याच रँसला मॉरिस प्रेव्होने देपेर्द्युसँ मोनोकॉक हे विमान ताशी २०० किमीच्या पलीकडे नेले. त्यात इंजिनाइतकाच सांगाड्याचाही वाटा होता. काठ्या-तारांच्या पिंजऱ्यावर कापड ताणण्याऐवजी लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवून धडाचे पोकळ कवच केले होते. भार कवचानेच पेलायचा ही कल्पना शर्यतीच्या विमानात अशी लवकर उतरली.

खरी श्रीमंती दिसली ती श्नायडर चषकात. फ्रेंच उद्योगपती जाक श्नायडर यांनी १९१२ मध्ये समुद्रावरून उडणाऱ्या विमानांसाठी हा चषक जाहीर केला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला खाली दोन अवजड तरंडे लागतात, मग ते वेगवान कसे होणार? पण त्या काळात पंखांना फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमान उचलून धरणाऱ्या हलत्या पट्ट्या, नव्हते. वेगासाठी पंख लहान करावेत तर उड्डाणाला आणि उतरायला फार लांब पट्टी लागे. समुद्र ही आयती, हवी तेवढी लांब धावपट्टी होती. म्हणून बरीच वर्षे जगातली सर्वांत वेगवान विमाने तरंड्यांवर उभी असत.

या शर्यतीत सरकारे उतरली आणि इंजिनांवर पैसा ओतला गेला. १९२५ मध्ये बाल्टिमोरला जिमी डूलिटलने कर्टिस आर३सी-२ वर चषक जिंकला. रेडिएटर हवेत लटकत ठेवला तर तो वेग खातो, म्हणून कर्टिसने पंखाचा पृष्ठभागच रेडिएटर केला. ब्रिटनमध्ये आर. जे. मिचेल यांनी सुपरमरीनच्या एस.५ ते एस.६बी या मालिकेत हीच कल्पना टोकाला नेली. एस.६बीमध्ये इंजिनाचे पाणी पंखांच्या दुहेरी पत्र्यातून आणि तरंड्यांच्या वरच्या भागातून फिरे, तर तेल धडाच्या बाजूंनी शेपटाकडे जाऊन थंड होऊन परते. पंख्याच्या पिळाने एक तरंडा पाण्यात दाबला जाई, म्हणून उजव्या तरंड्यात इंधन जास्त भरत. या विमानाचा एकही कोपरा रिकामा नव्हता.

हे सगळे ज्याच्यासाठी चालले होते ते ३६.७ लिटरचे रोल्स-रॉइस ‘आर’ इंजिन दोन हजार तीनशेच्या वर अश्वशक्ती देई. १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला तेव्हा लेडी ह्यूस्टन यांनी एक लाख पौंड दिले. त्या वर्षी ताशी सुमारे ५४७ किमी वेगाने चषक कायमचा ब्रिटनकडे आला, आणि त्याच महिन्यात वैमानिक स्टेनफोर्थ यांनी एस.६बीवरच ताशी ६५५ किमीचा विक्रम केला. त्या विक्रमासाठी बेंझॉल, मिथेनॉल आणि अॅसिटोनचे खास मिश्रण जाळले होते. इटलीने मॅकी एम.सी.७२ मध्ये दोन बारा सिलिंडरी इंजिने एकामागे एक जोडून, उलट-सुलट फिरणारे दोन पंखे बसवले. १९३१ च्या शर्यतीला ते तयार नव्हते, पण ऑक्टोबर १९३४ मध्ये फ्रान्सेस्को अजेल्लोने गार्डा सरोवरावर त्याला ताशी ७०९ किमीवर नेले. पिस्टन इंजिनाच्या समुद्रविमानांत हा विक्रम आजही अबाधित आहे.

एस.६बीचेच पुढे स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान झाले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्या दोन विमानांत समान असा भाग शोधूनही सापडत नाही. पुढे गेले ते ज्ञान: सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) किती दाब देऊ शकतो, इंधन कसे बदलावे, धातू कुठे थकतो. ते रोल्स-रॉइसच्या मर्लिन या लढाऊ विमानांच्या इंजिनात उतरले, आणि मर्लिनमुळेच पुढे रीनोची शर्यत उभी राहिली.

अमेरिकेत याच काळात उलटे चित्र होते. तिथे सरकारने शर्यतीतून अंग काढले आणि गॅरेजमधले, छोट्या शेडमधले लोक पुढे आले. १९२९ मध्ये क्लीव्हलँडला डग डेव्हिसने ट्रॅव्हल एअर कंपनीच्या ‘मिस्टरी शिप’वर लष्कराच्या विमानांना हरवले. हा लष्कराला बसलेला मोठा चटका होता. मग मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या ग्रॅनव्हिल बंधूंनी ‘जी बी’ विमाने आणली. १९३२ चे आर-१ जेमतेम साडेपाच मीटर लांब होते. पुढे प्रॅट अँड व्हिटनीचे जाडजूड गोल इंजिन आणि त्यामागे पिंपासारखे धड. पाहणाऱ्याला ते बेढब वाटे, पण आकार वाऱ्याच्या बोगद्यात तपासलेला होता. गोल इंजिनामागे धड एकदम निमुळते केले तर हवा सुटते आणि ओढ वाढते, म्हणून ते आधी फुगवून मग हळूहळू निमुळते केले. वैमानिक जवळजवळ शेपटाला टेकून बसे, म्हणजे वळताना शर्यतीचा मार्ग आखणारा खांब दिसत राही. डूलिटलने त्यावर थॉम्पसन चषक जिंकला आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा ताशी सुमारे ४७६ किमीचा विक्रमही केला. पण आखूड धड आणि तोकड्या शेपटामुळे ते क्षमा न करणारे विमान होते. आधीच्या मॉडेल झेडवर लॉवेल बेल्स १९३१ च्या डिसेंबरात आणि आर-१ वर रसेल बोर्डमन १९३३ मध्ये दगावले.

१९३६ मध्ये फ्रान्सचा मिशेल देत्र्वाया कोद्रों सी.४६० हे विमान घेऊन लॉस एंजेलिसला आला. फ्रान्समधल्या डॉइच द ला मर्त चषकाला इंजिनाच्या आकाराची मर्यादा होती: आठ लिटर. त्या बंधनात आखलेले हे सडसडीत विमान, आत मिटणारी चाके, साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती. त्याने कितीतरी मोठ्या इंजिनांच्या अमेरिकन विमानांना त्या वर्षीच्या थॉम्पसन शर्यतीत सहज मागे टाकले. नियमाने इंजिन बांधले की आखणी धारदार होते, हे तेव्हाच दिसले होते.

मग युद्ध आले. १९४५ नंतर अमेरिकन सरकारने हजारो लढाऊ विमाने भंगाराच्या भावात काढली. वैमानिक पॉल मँट्झने तर एकदम चारशेहून अधिक विमाने विकत घेतली. त्यातून ठेवलेल्या मस्टँग या लढाऊ विमानाचे पंख आतून सीलबंद करून त्याने पंखातच इंधन भरले आणि १९४६, ४७, ४८ अशी सलग तीन वर्षे लांब पल्ल्याची बेंडिक्स शर्यत जिंकली. एक लढाऊ विमान तेव्हा काही हजार डॉलरांत मिळे. त्याच्या इंजिनामागे सरकारांनी आणि कंपन्यांनी केलेली चाचण्यांची वर्षे, लाखो तासांचा अनुभव, हे सगळे त्या किमतीत फुकट येई. कोणता ग्रॅनव्हिल असे इंजिन शेडमध्ये बनवणार होता?

या स्वस्ताईची एक काळी बाजूही होती. सप्टेंबर १९४९ मध्ये क्लीव्हलँडला बिल ओडम ‘बेगीन’ नावाचे मस्टँग चालवत होते. पोटाखालचा रेडिएटर काढून पंखांच्या टोकांना बसवण्याइतका मोठा बदल त्यात केला होता. शर्यतीत ते बेरिया गावातल्या एका घरावर कोसळले. ओडमसह घरातली आई आणि तिचे तान्हे मूल दगावले. मोठ्या विमानांच्या शर्यती त्यानंतर बंद पडल्या.

पंधरा वर्षांनी बिल स्टेड यांनी रीनोत त्या पुन्हा सुरू केल्या. आता विमाने उरली होती थोडी, पण त्यांना तासण्याची कला भलतीच पुढे गेली. मस्टँगचेच उदाहरण घ्या. पंखांची टोके कापली जातात. वैमानिकाच्या डोक्यावरची मोठी काच काढून इवलीशी बसवली जाते. पत्र्यांचे सांधे लांबीने भरून घासले जातात. मर्लिनमध्ये अॅलिसन इंजिनाचे मजबूत कनेक्टिंग रॉड घातले जातात, कारण मूळचे टिकत नाहीत. युद्धात उड्डाणाच्या वेळी ६१ इंच पारा इतका असलेला, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब शर्यतीत शंभराच्या बराच पुढे जातो. सिलिंडर फुटू नयेत म्हणून पाणी-मिथेनॉल फवारले जाते. मूळ दीड हजारांच्या आसपासची अश्वशक्ती तीन हजारांपर्यंत पोचते. काहींनी तर पोटाखालचा रेडिएटरच काढून टाकला: पाणी उकळू द्यायचे, वाफ बाहेर सोडायची, शर्यतीपुरते पाणी पुरले की झाले.

दुसरा मार्ग म्हणजे अधिक मोठे इंजिन कोंबणे. लायल शेल्टन यांनी बेअरकॅट या भंगारातल्या लढाऊ विमानात आर-३३५० हे मोठे इंजिन बसवून ‘रेअर बेअर’ उभे केले. १९८९ मध्ये त्याने ताशी ८५० किमीचा विक्रम केला. ‘रेड बॅरन’ या मस्टँगमध्ये रोल्स-रॉइसचे ग्रिफन इंजिन आणि उलट-सुलट फिरणारे पंखे होते. स्टीव्ह हिंटन यांनी १९७९ मध्ये ते ताशी ८०३ किमीवर नेले. ग्रिफनचा आकार बरोबर ३६.७ लिटर, म्हणजे श्नायडरच्या ‘आर’इतकाच. आणि २०१७ मध्ये हिंटन यांच्या मुलाने मस्टँग ‘व्हूडू’वर सरासरी ताशी ८५५ किमी गाठले.

मुद्दाम घडवलेल्या विमानांनी दोनदा मनापासून आव्हान दिले. लॉकहीडचे अभियंते ब्रूस बोलंड यांनी आखलेले, जॉन सँडबर्ग यांचे ‘सुनामी’ मस्टँगपेक्षा लहान होते, पण त्यातही मर्लिनच होते. ते अगदी जवळ पोचले होते. १९९१ ची शर्यत संपवून घरी परतताना ते कोसळले आणि सँडबर्ग गेले. दुसरे विमानांचे आखणीकार बर्ट रुटान यांचे ‘पाँड रेसर’. बॉब पाँड हे जुन्या लढाऊ विमानांचे संग्राहक. शर्यतीत ही ऐतिहासिक विमाने आणि दुर्मीळ मर्लिन जळून चालली आहेत, हे त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी रुटान यांच्याकडून कार्बन फायबरचे, दोन निस्सान व्ही-६ इंजिनांचे विमान बनवून घेतले. हेतू इतका चांगला होता की त्याच्या अपयशाचे आजही वाईट वाटते. तासन्‌तास पूर्ण ताकदीवर चालण्यासाठी न घडलेली ती मोटारीची इंजिने अपेक्षित शक्ती कधी देऊच शकली नाहीत, आणि १९९३ मध्ये रिक ब्रिकर्ट यांच्यासह ते विमान गेले.

तासलेल्या विमानांचा धोका वेगळा. मूळ आराखड्यापेक्षा ते कितीतरी वेगाने उडते, पण त्या वेगासाठी त्याची चाचणी झालेली नसते. १९९८ मध्ये व्हूडूच्या शेपटावरची ट्रिम पट्टी, म्हणजे विमानाचा तोल राखणारी छोटी पट्टी, उडाली. विमान झपकन वर गेले, वैमानिक बॉब हॅना बेशुद्ध झाले आणि बऱ्याच उंचीवर शुद्धीवर येऊन सुखरूप उतरले. १६ सप्टेंबर २०११ ला ‘गॅलपिंग घोस्ट’च्या बाबतीत तेच झाले, पण ते विमान प्रेक्षकांत कोसळले. वैमानिक जिमी लीवर्ड यांच्यासह ११ जणांचा मृत्यू झाला. तपासात निघाले ते पुन्हा पुन्हा वापरलेले, सैल पडलेले लॉक नट, आणि नोंद व चाचणी न केलेले मोठे बदल.

छोट्या गटांची गोष्ट मला सर्वांत आवडते. १९४७ मध्ये गुडइयर चषकासाठी १९० घन इंचांपर्यंतच्या इंजिनांचा गट सुरू झाला; आज तो फॉर्म्युला वन. चाके मिटवायची नाहीत, पंखा स्थिर कोनाचा, पंखांचे क्षेत्र निदान ६६ चौरस फूट, इंजिन आता सर्वांचे एकच: शंभर अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल ओ-२००. उरते ते फक्त डोके. लॉकहीडमध्येच काम करणाऱ्या जॉन शार्प यांचे ‘नेमेसिस’ १९९१ ते १९९९ मध्ये ४८ पैकी ४५ स्पर्धा जिंकले. पंखावरून हवा शांतपणे, थर न मोडता वाहावी यासाठी साच्यातून काढलेला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग, हेच त्याचे बळ. शंभर अश्वशक्तीवर ताशी ४०० किमीचा वेग त्याने सहज ओलांडला.

शार्प यांचे पुढचे विमान, नेमेसिस एनएक्सटी, स्पोर्ट गटासाठी होते. टर्बो बसवलेले सहा सिलिंडरचे लायकमिंग इंजिन, म्हणजे आजही नवे विकत मिळणाऱ्या जातीचे. त्याने त्या गटात पहिल्यांदा ताशी ४०० मैलांची, म्हणजे ६४४ किमीची रेषा ओलांडली; एस.६बीने १९३१ मध्ये त्यापेक्षा किंचितच अधिक वेग गाठला होता, तोही ३६.७ लिटरच्या इंजिनावर.