जुन्या घरगुती उपकरणांपासून केलेली अवजारे : विद्युत सुरक्षितता

कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटारीवर फिरणारा लेथ, मिक्सरच्या मोटारीचे ग्राइंडर, मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचे स्पॉट वेल्डर, फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा हवापंप, अशी जुन्या उपकरणांच्या सुट्या भागांतून केलेली अवजारे वापरताना शॉक बसू नये, आग लागू नये आणि यंत्र हाताबाहेर जाऊ नये यासाठी जोडणी, आवरण व तपासणी यांत घ्यायची काळजी. या नोंदीतील आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ पुरवठा धरून दिले आहेत.

कारखान्यातून आलेले उपकरण सुरक्षित असते ते त्यातल्या मोटारीमुळे नव्हे. मोटारीभोवतीचे प्लॅस्टिकचे कवच, शाफ्टवरचा रबरी कपलर, दार उघडताच पुरवठा तोडणारा खटका, वायर ओढली तरी सांध्यावर ताण येऊ न देणारी पकड, हवेचा ठरवलेला मार्ग या सगळ्यांनी मिळून ती सुरक्षितता तयार होते. मोटार काढून घेतली की यातले बहुतेक भंगारात जाते, आणि अवजार करणाऱ्याला ते नव्याने उभे करावे लागते. मोटार फिरली म्हणजे काम झाले असे वाटते, पण सुरक्षिततेचे काम तिथून सुरू होते.

दुहेरी इन्सुलेशन आणि अर्थिंग

उपकरणाच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर ते दुसऱ्या वर्गातले, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचे आहे. त्याला अर्थची वायर नसते. मूळ इन्सुलेशन फाटले तरी बाहेरचे प्लॅस्टिक माणसाला वाचवते. बरेच मिक्सर, ड्रिल आणि हेअर ड्रायर या प्रकारात येतात. अशा मिक्सरची मोटार काढून लोखंडी अँगलवर बसवली की दोनपैकी एक इन्सुलेशन गेले आणि अर्थ तर मुळातच नव्हती. वायंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, एक वेढा सोलवटला, तर मोटारीचे पत्रे, अँगल, शाफ्ट आणि हातातला लोखंडी तुकडा, सगळ्यांत फेज उतरतो. धातूच्या सांगाड्यावर बसवलेले प्रत्येक अवजार म्हणूनच पहिल्या वर्गातले समजावे : तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि सांगाड्याला पक्की अर्थ.

अर्थ जोडताना रंग खरवडून उघडा धातू करावा, तारेच्या टोकाला क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, धातूचा लग घ्यावा आणि नटाखाली दातेरी वॉशर घालावा. या बोल्टवर दुसरे काहीही कसू नये. मोटार धरणारा बोल्टच अर्थसाठी वापरला, तर मोटार सैल करताना अर्थही सुटते. पेटीच्या आत अर्थची तार फेज-न्यूट्रलपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवावी. वायर हिसकली गेली, तर ती सर्वांत शेवटी तुटते.

सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहांत फरक पडताच पुरवठा तोडणारा खटका, असावाच. माणसाला साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर जाणवतो, १० च्या आसपास स्नायू आवळून पकड सुटेनाशी होते आणि त्यापुढे, प्रवाह किती वेळ वाहतो त्यावर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. २३० व्होल्टला शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर प्रवाह दीडशे मिलिअँपिअर होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे फक्त जादा प्रवाहावर पडणाऱ्या खटक्याला, तो दिसतही नाही. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाताला लागले, तर आरसीसीबीही गप्प राहतो, कारण त्याला ते नेहमीच्या लोडसारखेच दिसते.

मोटारी

ब्रशची (कार्बनच्या तुकड्यांतून फिरत्या भागाला वीज देणारी) मोटार, म्हणजे युनिव्हर्सल मोटार, मिक्सरमध्ये असते आणि समोरून कपडे घालण्याच्या बऱ्याच धुलाई यंत्रांतही असते. लोड नसताना थेट पुरवठा दिला तर तिचा वेग चढतच जातो. यंत्रात पट्टा, मोठी पुली आणि ड्रमचे वजन तिला आवरतात. टेबलावर मोकळी चालवली तर आर्मेचरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, तारा बाहेर फेकल्या जाण्यापर्यंत गोष्ट जाते. १५० मिलिमीटर व्यासाचे ३५ मीटर प्रतिसेकंद वेगाचे सानेचे चाक मिनिटाला सुमारे ४,४५० फेऱ्यांपुरते असते. ते मिक्सरच्या शाफ्टवर बसवून १८-२० हजार फेऱ्यांनी फिरवणे म्हणजे चाक फुटण्याची वाट पाहणे आहे.

वेग आवरण्यासाठी मोटारीच्या मागच्या टोकाच्या टॅकोची, म्हणजे वेगमापक कॉइलची, नोंद घेणारे नियंत्रक मिळतात. त्यांत एक घातक खोच आहे. टॅकोची बारीक तार तुटली की नियंत्रकाला मोटार थांबली आहे असे वाटते आणि तो पूर्ण शक्ती देतो. या तारा हलणाऱ्या भागापासून दूर, स्वतंत्र बांधाव्यात आणि टॅको तुटल्यास बंद होणारा नियंत्रकच निवडावा. वीज कमी-जास्त करणाऱ्या ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक खटक्याच्या स्वस्त बोर्डांवर उघडा ॲल्युमिनियम हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा तुकडा, असतो. बीटीए मालिकेतल्या ट्रायॅकची धातूची पाठ इन्सुलेटेड असते, बीटीबीची नसते. नंबर नीट वाचता येत नसेल तर हीटसिंक फेजवर आहे असेच धरून बोर्ड बंद पेटीत ठेवावा. वेग बदलण्याच्या पोटला (फिरवून बदलायच्या रोधकाला) प्लॅस्टिकचा शाफ्ट आणि प्लॅस्टिकचे बटण हवे.

या मोटारी उघड्या असतात आणि त्यांचा पंखा आजूबाजूची हवा आत ओढतो. लोखंड घासताना उडणारा कीस त्याच हवेबरोबर आत जातो आणि ब्रशहोल्डरपासून पत्र्यांपर्यंत काळा थर साचतो. ब्रशच्या झिजेचा कार्बन त्यात मिसळतो. पहिल्या दिवशी निर्दोष असलेले ग्राइंडर काही महिन्यांनी आरसीसीबी पाडू लागते, त्यामागे बहुधा हाच थर असतो. मोटार कामाच्या वर आणि ठिणग्यांच्या मागच्या बाजूला बसवावी, हवेच्या तोंडाला आडोसा द्यावा. पण तोंड बुजवू नये, नाहीतर मोटार तापते. मिक्सरची मोटार मुळातच काही मिनिटे चालून विसावा घेण्यासाठी केलेली असते. सलग अर्धा तास चालवली तर वायंडिंगचे वार्निश जळते आणि मग इन्सुलेशनचा भरवसा राहत नाही.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरबाबत एकच गोष्ट आवर्जून : नळ्या कापू नयेत. आत ज्वलनशील आयसोब्युटेन असू शकतो, आणि जवळच्या रिलेची ठिणगी त्याला पुरते. वायू काढण्याची साधने व प्रशिक्षण असलेल्याकडूनच तो काढून घ्यावा. मूळचा ओव्हरलोड (जादा भार आल्यास पुरवठा तोडणारा भाग) आणि स्टार्टिंग रिले कॉम्प्रेसरवर तसेच ठेवावेत, लोखंडी कवचाला अर्थ द्यावी.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर

घरातल्या सगळ्या भंगारात सर्वांत जीवघेणा भाग हा आहे. त्याच्या दुय्यम (उच्च व्होल्टेज देणाऱ्या) वायंडिंगवर सुमारे २,००० व्होल्ट येतात आणि ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह देऊ शकते. या वायंडिंगचे एक टोक लोखंडी गाभ्याला जोडलेले असते, म्हणून दुसऱ्या टोकाला बोट लागले तर शरीरातून मंडळ पूर्ण होते. आरसीसीबी इथे काहीच करत नाही. तो प्राथमिक (पुरवठ्याकडच्या) बाजूचा फेज आणि न्यूट्रल तोलून पाहतो, आणि दुय्यम बाजूला माणूस चिकटला तरी तो तोल ढळत नाही. लाकडावर फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवण्यासाठी हा ट्रान्सफॉर्मर वापरताना माणसे मेली आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली आहे. त्याची सुरक्षित कृती सांगता येत नाही. तो करूच नये.

ओव्हन उघडण्याआधी प्लग काढावा. आतला कपॅसिटर १ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असून २,८०० व्होल्टपर्यंत भारित होतो, म्हणजे त्यात सुमारे ४ ज्यूल ऊर्जा साठते. भार जिरवण्यासाठी आत १० मेगाओहमचा रोधक असतो आणि तो शाबूत असेल तर मिनिटभरात काम होते. तो तुटला असेल, तर भार बराच काळ टिकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. लांब इन्सुलेटेड दांड्याला बांधलेला, उच्च व्होल्टेजला चालणारा रोधक दोन्ही टोकांना लावून भार उतरवावा, मग टोके वायरने शॉर्ट करून तशीच ठेवावीत. मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग, फोडू नये. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

स्पॉट वेल्डरसाठी बारीक तारेचे दुय्यम वायंडिंग पूर्ण काढून टाकतात. ते हॅकसॉने गाभ्याच्या कडेलगत कापून उरलेले ठोकून बाहेर काढावे. पाते प्राथमिक वायंडिंगकडे कलू देऊ नये. तिथल्या तांब्यावर उमटलेला एक ओरखडा पुढे गाभ्यात फेज उतरवतो. मोकळ्या जागेत ५० चौरस मिलिमीटरच्या वेल्डिंग केबलचे दोन वेढे बसतात. एका वेढ्याला साधारण १ व्होल्ट मिळतो, आणि प्रवाह शेकडो अँपिअर. दोन व्होल्टचा शॉक बसत नाही, पण अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा टोकांमध्ये अडकला तर क्षणात लाल होतो. गाभ्याला अर्थ द्यावीच. हा ट्रान्सफॉर्मर लोड नसतानाही काही अँपिअर ओढून तापतो, म्हणून दाबल्यावरच चालणारा आणि सोडताच बंद होणारा पायखटका लावावा.

साठलेला भार आणि फसवे कमी व्होल्टेज

संगणकाच्या किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असते. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात सुमारे ११.६ ज्यूल ऊर्जा साठते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर धातू वितळून डोळ्यात उडतो. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रोधक पाच सेकंद लावावा आणि मीटरने खात्री करावी.

हेअर ड्रायरची छोटी मोटार १२ ते २४ व्होल्ट डीसीची असते, म्हणून ती निर्धोक वाटते. मूळ जोडणीत तिला हे व्होल्टेज हीटरच्या तारेतून मिळते, ट्रान्सफॉर्मर कुठेच नसतो. ती जोडणी तशीच ठेवली तर मोटारीचा प्रत्येक तुकडा मेन्सवर, म्हणजे थेट २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर, असतो. मोटार वेगळी करून अडॅप्टरवर चालवली तर हरकत नाही. थर्माकोल कापण्याच्या तापत्या तारेलाही हाच नियम लागू पडतो : १२ व्होल्टचा वेगळ्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर वापरावा, डिमर लावून मेन्स कधीही नाही. खूप जुन्या इस्त्र्या आणि टोस्टरमध्ये ॲस्बेस्टॉसचे पांढुरके पत्रे सापडतात. ते मोडू नयेत.

वायर, खटका, पेटी

जुन्या उपकरणाची वायर पुन्हा वापरू नये. ती दुमडून पाहिली तर अनेकदा इन्सुलेशन तडकते. ६ अँपिअरपर्यंत ०.७५, १० पर्यंत १ आणि १६ पर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर पुरते. फ्यूज वायरला जपेल असा निवडावा. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना सोल्डर लावू नये : दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो आणि टर्मिनल काळे पडते. त्याऐवजी फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, टोकावर क्रिंप करावा. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट (भोकाची कड झाकणारे कडे) किंवा ग्लँड (वायर घट्ट धरणारा सांधा) हवा. गाठ मारणे ही पकड नव्हे.

खटका दोन्ही तारा तोडणारा घ्यावा, कारण दोन पिनांचा प्लग उलटा बसला की एकेरी खटका न्यूट्रल तोडतो आणि बंद यंत्रात फेज राहतो. फिरत्या अवजारांना पुरवठा गेल्यावर आपोआप सुटणारा खटका बसवावा. वीज परत आली आणि हात पात्याजवळ असताना यंत्र सुरू झाले, तर दुखापत होते.

पहिली चाचणी

प्लग न लावता अर्थच्या पिनेपासून सांगाड्याच्या सर्वांत लांबच्या उघड्या भागापर्यंत रोध मोजावा. मीटरच्या तारांचा रोध वजा केल्यावर तो ०.१ ओहमच्या आसपास यायला हवा. मग इलेक्ट्रॉनिक बोर्ड वेगळा काढून, खटका चालू ठेवून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थपर्यंत ५०० व्होल्टच्या मेगरने (उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) पाहावे : किमान १ मेगाओहम, आणि कोरड्या, निरोगी मोटारीला त्याहून बरेच जास्त. साधा मल्टिमीटर काही व्होल्टांवरच मोजतो, त्यामुळे २३० व्होल्टला फुटणारे इन्सुलेशन त्याला चांगलेच दिसते.

पहिला पुरवठा १०० वॅटच्या फिलामेंट बल्बमधून, सिरीजमध्ये द्यावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्रवाह सुमारे ०.४३ अँपिअरच्या वर जात नाही. मोठी मोटार ठीक असूनही बल्ब उजळून ती जेमतेम हलते, तेव्हा मेगरचा निकाल ग्राह्य धरावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. सांगाडा अर्थच्या तुलनेत मेन्सवर आहे का, हे निऑन टेस्टरने नव्हे तर मीटरने पाहावे, आणि तो मीटर आधी व नंतर चालू सॉकेटवर तपासून घ्यावा. लोखंडाचा कीस उडणाऱ्या अवजाराची मेगर चाचणी ब्रश बदलताना दर वेळी पुन्हा घ्यावी. आकडा आधीपेक्षा खूप खाली आला असेल तर मोटार उघडून तो काळा थर झाडून, पुसून काढावा आणि पुन्हा मोजावे.