वस्तरा विकत मिळतो, धार नाही

वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचं ठरवलं की माणूस आधी यादी मागतो. यादीही ठरलेली मिळते. पाच अष्टमांश इंच रुंदीचा, पोकळ घासणीचा (म्हणजे दोन्ही बाजूंनी खोल घासून पातळ केलेला), गोल टोकाचा वस्तरा, चामड्याचा पट्टा, ब्रश, साबण, तुरटी, आणि धारेचा दगड, पण तो नंतर. यातला दगड ‘नंतर’ का, पट्टा ‘आधी स्वस्तातला’ का, टोक गोलच का, हे मात्र यादीत लिहिलेलं नसतं. थोडं मागे गेलं की कळतं, ही यादी बरीचशी गैरहजर माणसांची आहे. वस्तरा पूर्वीही होता, पण त्याच्या मागेपुढे दोन-तीन जाणते हात असत. आज त्या सगळ्या हातांचं काम नवशिक्याच्या गळ्यात येतं.

आपल्याकडे तर वस्तरा ही घरात ठेवायची वस्तूच नव्हती. शब्दही फारसीतल्या ‘उस्तरा’वरून आलेला. त्याआधीचा ‘क्षुर’ थेट वेदांत सापडतो. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस उतरवण्याचं एक सूक्त आहे. त्यात सविता, म्हणजे सूर्यदेव, क्षुर घेऊन येतो आणि वायूला सांगितलं जातं की तू ऊन पाणी घेऊन ये. केस आधी भिजून मऊ व्हायला हवेत, ही समज इतकी जुनी आहे. ‘बिनपाण्याने करणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच रुजलेला नाही.

गावगाड्यात हे सगळं न्हाव्याच्या धोकटीत असे: वस्तरा, निसणा (धार लावायचा दगड), चामड्याचा तुकडा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा. मोबदला बलुत्याचा, सुगीला धान्यात. कोणता वस्तरा चांगला हा प्रश्न घरमालकाला पडायचं कारणच नव्हतं. हत्यार एकाच समाजाच्या हातात असण्याचा एक परिणाम मात्र नोंदवण्यासारखा आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. त्या नकाराला वजन आलं, कारण वस्तरा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.

युरोपातही दाढी बहुतेक न्हाव्याकडेच होई. पॅरिसमधल्या झाँ-झाक पेरे नावाच्या पाती बनवणाऱ्या कारागिराने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं पुस्तक काढलं. नवशिक्यांसाठीच्या सगळ्या मार्गदर्शनाचे हे पूर्वज. गंमत अशी की दगड कसे पारखावेत आणि चामडं कसं तयार करावं, हे त्यात दाढीच्या बरोबरीने येतं. न्हाव्याला बाजूला सारलं की त्याचा निसणा आणि पट्टा गिऱ्हाइकाच्या घरी न्यावा लागणार, हे पेरेला नेमकं कळलं होतं. तो स्वतः वस्तरे विकणारा, तेव्हा यात त्याचा फायदा होता हेही खरं. सुताराच्या रंध्यासारखं लाकडी कवच बसवलेला वस्तराही त्याने काढला होता. नवख्याचा हात कापणार, हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं म्हणायचं.

घरी वस्तरा यायला पोलादही तसं लागतं, आणि इथे कथा इंग्लंडमधल्या शेफिल्डला जाते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने शेफिल्डजवळच्या हँड्सवर्थला मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. त्याला हवी होती घड्याळाची स्प्रिंग. पण तेच एकजिनसी पोलाद वस्तऱ्यालाही मानवलं. पुढे या गोष्टीत मुंबई येते. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण भारतातल्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराला ते इतकं आवडलं की आपल्या जाहिरातपत्रावर त्याने छापलं, आपले वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं हिंदुस्थानातल्या वुट्झची आहेत आणि ते युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपल्याला सरस वाटतं. याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेने १८२० आणि १८२२ मध्ये मिश्र पोलादांवर निबंध लिहिले. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं आणि त्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. विजेचा फॅरडे तो हाच.

एवढं सांगूनही माझं मत असं की पहिला वस्तरा घेताना पोलादाच्या नावात अडकू नये. पाहायची गोष्ट दुसरी आहे: पात्याची पाठ.

वस्तरा दगडावर आडवा टेकवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागतात. म्हणजे धारेचा कोन हाताने ठरवायचा नसतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी तो ठरवतात. पातं १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ पावणेपाच मिलिमीटर जाड असेल तर कोन साधारण १७ अंशांचा पडतो. शेफिल्डचे जुने वस्तरे पाचरीसारखे भरीव असत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगनच्या कारागिरांनी दोन्ही बाजूंनी खोल घासून पातं मध्ये पातळ करायची कला शिगेला नेली. त्यामुळे दगडाला टेकणारा धातू कमी झाला आणि धार लावायचे कष्ट वाचले. असं पातं खुंटांवरून जाताना बारीक आवाज करतं. कोन बिघडला की तो आवाजही बदलतो. नवशिक्याला पोकळ घासणीचा वस्तरा सुचवतात त्याचं हे एक कारण. गोल टोक का, ते चौकोनी टोकाने एकदा कानाची पाळी कापली की समजतं.

१९३८ पासून पात्यावर ‘सोलिंगन’ हे नाव घालायला जर्मनीत कायद्याची अट आहे, उत्पादनाचे मुख्य टप्पे त्याच परिसरात व्हावे लागतात. नाव एवढं चालत होतं की खोटं छापायचा मोह सुटत नव्हता.

जुना वस्तरा घेताना नावापेक्षा पाठच बघावी, हे मी उशिरा शिकलो. पुण्याच्या जुन्या बाजारात शेफिल्डचा शिक्का असलेला एक वस्तरा हौसेने घेतला. शिक्का स्वच्छ, मूठ शिंगाची. घरी येऊन काचेवर आडवा ठेवला तर पाठीची एक बाजू झिजून सपाट झालेली आणि धारेला मधोमध खळगा. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने, मध्ये जोर देऊन घासला होता. कोन गेला की वस्तरा गेला.

पट्ट्याची गोष्ट वेगळी. चामडं फारसं धातू काढत नाही, ते दाढीगणिक वाकलेली अतिसूक्ष्म धार पुन्हा सरळ करतं. लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने १७९० च्या दशकात याच पट्ट्यांच्या इतक्या जाहिराती केल्या, कोडी, विनोद, संवाद घालून, की त्या गोळा करून १७९६ मध्ये त्यांचं पुस्तकच निघालं. वस्तऱ्याच्या सामानाचा जाहिरातबाज धंदा तेव्हापासूनचा. आठवड्याच्या सात वारांचे सात वस्तरे एका पेटीत मिळत तेही असंच. पात्याला विश्रांती हवी अशी समजूत होती. पहिला पट्टा स्वस्त घ्या म्हणतात, कारण तो कापला जाणारच. पट्ट्याच्या टोकाशी वस्तरा पाठीवर उलटायचा असतो. नवखा तो धारेवर उलटतो. ही एकच हालचाल अंगवळणी पडायला महिना लागतो.

दगडांची तर स्वतंत्र भक्तमंडळी आहे. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा ‘कोटिक्यूल’ त्यांच्या गळ्यातला ताईत. त्यातले गार्नेटचे बारीक कण पोलाद कुरतडतात. पण नवशिक्याने दगडाच्या वाटेला जाऊ नये. नवा वस्तरा कारखान्यातून येताना दाढीलायक असतोच असं नाही, जाणत्याकडून धार लावलेलाच घ्यावा. दाढी ओढायला लागली तर चूक हाताची की धारेची, हे त्याशिवाय कळणारच नाही.

हा जाणता माणूस गेला कुठे? १९०३ मध्ये जिलेटचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला सुमारे ३५ लाख रेझर गेले. ब्लेड बोथट झालं की फेकायचं. दगड, पट्टा, धारवाला सगळेच एकदम निकामी. (त्याच युद्धात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांतून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. स्वस्त ब्रश घेताना मला अजून ते आठवतं.) वस्तरा न्हाव्यांकडे तेवढा उरला. मग १९८० च्या दशकात एड्सची भीती आली आणि तिथेही बदलत्या पात्याचा वस्तरा आला. आता सलूनमध्ये कारागीर ब्लेड कागदासकट मध्ये मोडतो, अर्धं खाचेत सरकवतो आणि विचारतो, “उलटा हात मारू?” अनेकजण हाच शंभर-दोनशेचा वस्तरा घेऊन शिकायला लागतात. कोन आणि हाताची चाल त्यावर जरूर कळते, पण पातं कडक नि हलकं, चुकीला माफी नाही. आणि पट्टा मारायचा तर प्रश्नच नसल्याने अर्धी विद्या बाहेरच राहते.

माझा तो शेफिल्डचा वस्तरा मी आमच्या सलूनवाल्या काकांना दाखवला. त्यांच्या वडिलांचा निसणा अजून खणात आहे, मध्ये खोलगट झालेला. आता त्यावर कधीमधी कात्री घासतात. काकांनी वस्तरा उघडला, सवयीने दोनदा तळहातावर मारला, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवला. धार मधोमध आली तेव्हा थांबले. मग मिटून माझ्या हातात दिला. “पाठ गेलीय हो याची. ठेवा घरात, पण गालाला लावू नका. बसा, तुमची करून देतो.”

आणि नवं ब्लेड कागदासकट मोडलं.