काजूच्या चोथ्यात अडकलेली साखर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एप्रिल-मेमधे काजूच्या भट्टीवर गेलात तर बोंडांचा रस काढून उरलेला चोथा बाजूला टाकलेला दिसतो, धाग्याधाग्यांचा, दोन दिवसांत आंबूस वास यायला लागतो. रसातली साखर फेणीत गेली, पण त्या धाग्यांतही साखरच आहे हो, फक्त सेल्युलोज बनून बसलीय. तांदळातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा, पण मणी ओवायची पद्धत वेगळी, म्हणून तांदळाची पेज होते आणि पेंढा कितीही उकळला तरी पेंढाच राहतो.

ही साखर सोडवायचा खटाटोप २०० वर्षं जुना आहे. १८१९ मधे फ्रान्समधल्या ब्राकोनो यांनी चिंध्यांवर सल्फ्युरिक ॲसिड घालून साखर केली आणि ती चिंध्यांपेक्षा वजनाने जास्त भरली! कारण माळेतला प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत जातो, १६२ ग्रॅम सेल्युलोजचं १८० ग्रॅम ग्लुकोज होतं. सेल्युलोज हे नाव नंतरचं, पायेन यांच्या १८३८-३९ च्या कामातलं. पुढे जर्मनीत बर्गियस यांनी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरून लाकडापासून साखर काढली, कारखानेही चालले.

म्हणजे माळ तोडणं जमलेलंच होतं, गाडी अडली ती ॲसिडपाशी. ते साखरेच्या पाण्यात मिसळून जातं, भांडी खातं, परत मिळवायला खर्च येतो, आणि सल्फ्युरिक ॲसिड चुन्याने मारलं तर जिप्समचा ढीग उरतो.

म्हणून मला २००६ चं काम फार महत्त्वाचं वाटतं. जपानमधे फुकुओका आणि परेश ढेपे (हे नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमधे आले) यांनी ॲसिडऐवजी घन कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) म्हणून ॲल्युमिनावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, बसवलेलं प्लॅटिनम घेतलं, १९० अंशांचं पाणी, वर हायड्रोजनचा दाब, आणि सेल्युलोजमधून थेट सॉर्बिटॉल मिळवलं, आपल्या टूथपेस्टमधे असतं तेच, आणि काम झाल्यावर कॅटॅलिस्ट चहाच्या भुकटीसारखा गाळून परत वापरला. २००८ मधे चीनच्या दालियानमधल्या गटाने महागडं प्लॅटिनम सोडून निकेल आणि टंगस्टन कार्बाइडवर इथिलीन ग्लायकॉल काढलं, पॉलिएस्टरला लागतं ते.

पण घन पदार्थ घन पदार्थाला नीट भिडत नाही, म्हणून सेल्युलोज आधी बॉल मिलमधे (गोळ्यांच्या चक्कीत) दळून घ्यावं लागतं. गरम पाण्यात ॲल्युमिनाही हळूहळू बदलतं, आणि साखर करपून तयार होणारी काळी राप कॅटॅलिस्टवर चढते. ॲल्युमिनावरची राप जाळून काढता येते, पण स्वस्त म्हणून कार्बनचा कॅटॅलिस्ट घेतला तर रापेबरोबर तोही जळून जातो.