खनिज तेलाच्या क्षयाचा वाद : निनावीपणा आणि तज्ज्ञप्रामाण्य

खनिज तेलाचे जागतिक उत्पादन एका कमाल पातळीला पोहोचून नंतर कायमचे घटू लागेल का, आणि लागलेच तर केव्हा, या वादात बोलणाऱ्याचे नाव, पद व अनुभव यांना किती वजन द्यावे हा एक वेगळाच प्रश्न होऊन बसला आहे. तेलक्षेत्रांचे मूळ आकडे बहुतांशी कंपन्यांच्या आणि तेलसंपन्न राष्ट्रांच्या कुलपात असतात. म्हणून ‘कोण म्हणतो’ याला ‘काय म्हणतो’ यापेक्षा जास्त भाव आला. सेवेत असलेल्या अभियंत्याला गोपनीयतेच्या करारामुळे नावानिशी लिहिता येत नाही. निवृत्त झालेला नावानिशी लिहितो, पण त्याच्याजवळची माहिती जुनी होत जाते. उद्योगाबाहेरचा माणूस, पुष्कळदा टोपणनावाने, जाहीर आकड्यांवर गणित मांडतो. इंटरनेटवर हा वाद रंगला तो मुख्यतः या तिसऱ्या वर्गामुळे.

उगम : वादाचा आरंभ सामान्यतः १९५६ पासून मानतात. शेल या तेलकंपनीतील भूभौतिकीविज्ञ मॅरियन किंग हबर्ट (१९०३–८९) यांनी त्या वर्षी मार्चमध्ये सॅन अँटोनियो (टेक्सस) येथे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या बैठकीत एक निबंध वाचला. अमेरिकेच्या (अलास्का व हवाई सोडून) सलग ४८ राज्यांतून एकूण १५० अब्ज बॅरल तेल निघेल असे धरल्यास उत्पादनाचा कळस १९६५ च्या सुमारास, आणि २०० अब्ज धरल्यास १९७० च्या सुमारास येईल, असे त्यांनी दाखविले. कळस १९७० मध्ये आला. पुढे ही गोष्ट सांगताना पहिला पर्याय गळून गेला आणि दुसराच ‘हबर्ट यांचे भाकीत’ म्हणून रूढ झाला. कळसाची उंचीही त्यांनी कमी धरली होती : वर्षाला सुमारे ३ अब्ज बॅरल, प्रत्यक्षात ती साधारण ३.४ अब्ज भरली.

उत्पादनाचा चढ, कळस व उतार दाखविणाऱ्या प्रसिद्ध घंटाकृती वक्राच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. हबर्ट यांनी तो १९५६ मध्येच लॉजिस्टिक समीकरणावरून (आधी वेग घेऊन पुढे मर्यादेकडे मंदावत जाणाऱ्या वाढीचे सूत्र) काढला, असा समज पुष्कळ लेखनात आढळतो. निबंधात मात्र समीकरण नाही. वक्र हातानेच काढलेला असून त्याखालील चौकटी मोजून क्षेत्रफळ एकूण साठ्याइतके भरविले आहे. लॉजिस्टिक वक्र त्यांनी १९५९ मध्ये वापरला. सविस्तर गणिती मांडणी १९८२ ची आहे. समीकरण आधीपासून त्यांच्या मनात असावे, असे काही जण म्हणतात. त्याला निबंधातून आधार मिळत नाही. मुद्दा किरकोळ वाटला तरी ‘सूत्राने १९७० साल काढून दिले’ या दाव्याचे वजन त्यावर अवलंबून आहे.

१९६० च्या दशकात अधिकारवाणी विरुद्ध बाजूला होती. देशातून एकूण निघणाऱ्या तेलाचा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा ५९० अब्ज बॅरलचा अंदाज, खोदाईच्या दर फुटामागे सापडणारे तेल पुढेही तेवढेच राहील या गृहीतकावर उभा होता. हा दर घटत चालल्याचे हबर्ट यांनी दाखविले. १९७० नंतर पारडे फिरले आणि मग त्यांच्या नावाचेच बाबावाक्य झाले. १९५६ च्या त्याच निबंधात जगाचे एकूण तेल १,२५० अब्ज बॅरल धरून २००० च्या सुमारास वर्षाला १२.५ अब्ज बॅरलचा कळस वर्तविला होता. २००० मधील प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. निबंध एक, लेखक एक, पद्धत एक. लक्षात राहिले ते खरे ठरलेले भाकीत.

सरळ रेषेची पद्धत : टोपणनावाने लिहिणाऱ्यांना तज्ज्ञांच्या पंक्तीला बसविले ते या पद्धतीने, कारण तिला गोपनीय माहिती लागत नाही. दर वर्षाचे उत्पादन त्या वर्षापर्यंतच्या एकत्रित उत्पादनाने भागावे. भागाकार उभ्या अक्षावर आणि एकत्रित उत्पादन आडव्या अक्षावर मांडावे. सुरुवातीचे बिंदू विखुरतात, पुढचे एका उतरत्या रेषेवर येऊ लागतात. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो वाढीचा दर. आडव्या अक्षाला जिथे भिडते ते अंतिम एकूण उत्पादन. दोहोंच्या गुणाकाराचा चतुर्थांश म्हणजे कळसाच्या वर्षाचे उत्पादन. जगासाठी दर सुमारे ५ टक्के आणि एकूण तेल सुमारे २,००० अब्ज बॅरल घेतल्यास वर्षाला २५ अब्ज, म्हणजे दिवसाला सुमारे ६.८ कोटी बॅरल येतात.

चूक बहुधा आरंभवर्षाच्या निवडीत होते. जगाच्या आकड्यांत १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर रेषा मोडते. त्यामुळे १९८० च्या दशकापासूनचेच बिंदू घेण्याचा प्रघात पडला, पण नेमके कोणते वर्ष धरायचे याला आधार नाही. वर्ष पुढेमागे केले की अंतिम आकडा शेकडो अब्ज बॅरलने हलतो. दुसरे असे की एकत्रित उत्पादन दोन्ही अक्षांत असल्याने रेषा असावी त्यापेक्षा नीटस दिसते. तिसरी अडचण नव्या प्रकारच्या तेलाची. अमेरिकेचे उत्पादन २००८ मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख बॅरलवर आले होते. शेल नावाच्या थरदार खडकांतील तेलामुळे ते २०१८ मध्ये एक कोटीच्या पुढे गेले. जुन्या रेषेत याला जागाच नव्हती.

साठ्यांचे आकडे : कॉलिन कॅम्बेल व जाँ लाहेरेर या दोन निवृत्त तेलभूवैज्ञानिकांनी मार्च १९९८ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातील लेखात २०१० च्या आधी कळस येईल असे म्हटले. लेखाचा पाया पेट्रोकन्सल्टंट्स या जिनिव्हातील संस्थेची क्षेत्रवार माहिती हा होता. ती विकत मिळणारी व महागडी. वाचकाला ताडून पाहता येत नसे. परिणामी दोघांच्या उद्योगातील कारकिर्दीलाच पुराव्याचे स्थान आले आणि विरोधकांनीही मोर्चा आकड्यांऐवजी त्यांच्या आधीच्या चुकलेल्या तारखांकडे वळविला.

त्यांचे दोन तांत्रिक मुद्दे आजही टिकून आहेत. एक, सुधारित साठा ज्या वर्षी जाहीर झाला त्या वर्षी न दाखविता क्षेत्राच्या शोधवर्षाला जोडावा. तसे केल्यास नव्या शोधांचा कळस १९६० च्या दशकात दिसतो. दुसरा, ‘सिद्ध’ साठा म्हणजे ९० टक्के शक्यतेचा आकडा, आणि असे आकडे क्षेत्रामागून क्षेत्र नुसते बेरजेने मिळविले तर एकूण आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो; सर्व क्षेत्रे एकाच वेळी कमी निघण्याची शक्यता फार थोडी असते. ओपेक या तेलनिर्यातदार संघटनेतील देशांचे दुखणे निराळे. १९८० च्या दशकात, उत्पादनाचे कोटे ठरण्याच्या काळात, कुवेत, इराण, इराक, अबू धाबी व सौदी अरेबिया यांनी मोठे शोध न लागताच मिळून सुमारे ३०० अब्ज बॅरल साठा वाढवून दाखविला. जुने आकडे फार सावध होते असे समर्थन केले जाते; ते काही अंशी ग्राह्य आहे, पण नंतर वर्षानुवर्षे उत्पादन होऊनही आकडा हलत नाही, याचा उलगडा त्याने होत नाही.

निनावी साक्षी : जानेवारी २००६ मध्ये पेट्रोलियम इंटेलिजन्स वीकली या व्यापारपत्राने कुवेतच्या सरकारी तेल कंपनीतील अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे देशाचा साठा, जाहीर ९९ अब्ज बॅरलऐवजी, सिद्ध व असिद्ध मिळून सुमारे ४८ अब्ज असल्याचे छापले. नोव्हेंबर २००९ मध्ये गार्डियनने आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेतील एका वरिष्ठ व्यक्तीचे म्हणणे नाव न देता प्रसिद्ध केले. संस्था जुन्या क्षेत्रांच्या उत्पादनातील घटीचा दर सौम्य करून दाखविते, आणि दिवसाला ९ ते ९.५ कोटी बॅरल पुरवठा टिकविणेही अशक्य आहे असे आतल्या अनेकांना वाटते, असा त्याचा आशय होता. संस्थेने आरोप नाकारला. दुसरा भाग शब्दशः खोटा ठरला. एका दशकात एकूण द्रव इंधनाचा पुरवठा १० कोटींच्या आसपास गेला. मात्र २०१० च्या अहवालात संस्थेनेच पारंपरिक कच्च्या तेलाचा कळस २००६ मध्ये, सुमारे ७ कोटींवर, होऊन गेल्याचे मांडले. निनावी साक्षीदाराने आपण कोणते द्रव मोजतो आहोत हे सांगितले नव्हते. त्याची उलटतपासणी घेता येत नाही, ही खरी उणीव.

मध्यस्थामुळे होणाऱ्या घोटाळ्याचे उदाहरण २०११ चे आहे. सौदी आरामको कंपनीचे माजी उच्चाधिकारी सदाद अल्-हुसैनी यांच्याशी झालेल्या संभाषणाची अमेरिकी राजनैतिक टिपणे विकिलीक्सद्वारे बाहेर आली आणि ‘साठा ३०० अब्ज बॅरलने फुगविलेला’ असा मथळा झाला. भूगर्भात असलेले एकूण तेल आणि काढता येण्याजोगा साठा यांची टिपणकाराने गल्लत केली, असे हुसैनी यांनी नंतर सांगितले.

नावानिशी केलेल्या भाकितांची कामगिरी फारशी उजवी नाही. प्रिन्स्टनचे भूवैज्ञानिक केनेथ डेफीज यांनी कळसासाठी २००५ च्या अखेरचा दिवससुद्धा नेमून दिला होता. गुंतवणूक-बँकर मॅथ्यू सिमन्स यांनी २०१० ची सरासरी किंमत बॅरलला २०० डॉलर राहील अशी पैज लावली. ती ८० डॉलरच्या आसपास राहिली. विरुद्ध गोटातील केंब्रिज एनर्जी रिसर्च असोसिएट्स या सल्लागार संस्थेने २००५ मध्ये, उत्पादनक्षमता २०१० पर्यंत दिवसाला १० कोटींवर जाऊ शकेल असे म्हटले होते. तेही झाले नाही.

दावा तपासताना : आधी द्रव कोणते ते पाहावे. कच्चे तेल व कंडेन्सेट (वायूबरोबर निघणारे हलके द्रव तेल) एवढेच मोजले तर २००५ चे जागतिक उत्पादन दिवसाला साधारण ७.३ कोटी बॅरल. त्यात वायूपासूनची द्रवे, जैवइंधने व शुद्धीकरणात वाढणारे आकारमान धरले की सुमारे ८.४ कोटी. ‘कळस झाला’ आणि ‘झाला नाही’ हे निम्मे भांडण या फरकातच विरते. घटीचा दरही असाच फसवा आहे : आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २००८ मध्ये सुमारे ८०० क्षेत्रांवरून काढलेला ६.७ टक्के हा दर कळस ओलांडलेल्या क्षेत्रांचा आहे, जगाच्या एकूण उत्पादनाचा नव्हे. टनांवरून बॅरल काढताना ७.३३ हा गुणक सरासरीचा असून जड तेलाला तो लागू पडत नाही.

सौदी अरेबियाचे घवार हे तेलक्षेत्र खचत आहे की नाही, हा वाद मात्र कायदेशीर जबाबदारी असलेल्या कागदाने बराचसा मिटविला. आरामकोने एप्रिल २०१९ मध्ये रोखे विकताना दिलेल्या माहितीपत्रकात घवारची कमाल टिकाऊ क्षमता दिवसाला ३८ लाख बॅरल असल्याचे नमूद केले. बाजारात तोपर्यंत ५० लाखांचा आकडा गृहीत धरला जाई. त्याच वर्षाच्या आरंभी जाहीर झालेल्या बाहेरच्या लेखापरीक्षणात देशाचा एकूण साठा मात्र सरकारी आकड्याइतकाच, किंचित अधिकच, भरला. क्षेत्र खचत आहे म्हणणारे आणि साठा खरा आहे म्हणणारे असे दोघेही आपापल्यापुरते बरोबर निघाले. इराण, इराक व कुवेत यांच्याबाबत इतक्या तपशिलाचे कागद उपलब्ध नाहीत. २०१४ मधील किंमतघसरणीनंतर चर्चेचा रोख पुरवठ्याच्या कळसाकडून मागणीच्या कळसाकडे वळला आहे.