मागचं कोण देईल?

माझे वडील अंबरनाथच्या ज्या कंपनीत बावीस वर्षं होते, तिथे शेवटचे चौदा महिने पगार थकले. ही 1997-98 ची गोष्ट. त्या दिवसांत बाबांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. तिच्यात त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: महिना, येणं, मिळाले, बाकी. ‘मिळाले’च्या रकान्यात कधी 800, कधी 1500 रुपयांची उचल, आणि बहुतेक महिन्यांना नुसती आडवी रेघ. कच्चा माल येत नव्हता, मशीन बंद होतं. तरी बाबा सकाळी डबा घेऊन निघायचे, हजेरी लावायचे, मशीन पुसून त्याला तेल द्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

त्याच खात्यातल्या शेजारच्या काकांनी तिसऱ्याच महिन्यात राजीनामा टाकला आणि तळोज्याला दुसरी नोकरी धरली. वय तेच, हातातली कला तीच. आई एकदा न राहवून म्हणाली, “अहो, तुम्हीही बघा ना कुठेतरी.” बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं: “आत्ता गेलो तर मागचं कोण देईल?”

तेव्हा मी नववीत होते आणि मला या उत्तराचा राग यायचा. पुढे मानसशास्त्र शिकताना कळलं, की याच प्रश्नावर जगभरच्या संशोधकांनी आयुष्यं घातली आहेत.

सुरुवात मात्र उलट्या बाजूने झाली. 1958 साली जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली. माणूस नोकरी सोडतो ते दोन गोष्टींवरून: सोडावीशी किती वाटते आणि सोडणं किती सोपं आहे. पुढची कित्येक वर्षं संशोधक हेच मोजत राहिले. समाधान किती, बाहेर संधी किती. आकडे जुळायचे, पण फार थोडे. वैतागलेली असंख्य माणसं जागची हलत नव्हती आणि बऱ्यापैकी सुखात असलेली काही अचानक निघून जात होती.

2001 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले टेरेन्स मिचेल, थॉमस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. लोक का जातात हे बाजूला ठेवून त्यांनी लोक का राहतात हे विचारलं. किराणा मालाच्या दुकानांची एक साखळी आणि एक रुग्णालय, अशा दोन ठिकाणच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी सांगितलं, की माणूस नोकरीत एखाद्या जाळ्यात गुंतावा तसा गुंतलेला असतो. त्या जाळ्याचे धागे तीन प्रकारचे. पहिला, माणसांशी आणि जागेशी असलेली नाती. दुसरा, आपण इथे शोभतो, इथले आहोत, ही भावना. तिसरा, निघालो तर काय काय मागे सोडावं लागेल त्याचा हिशेब. आणि हे धागे कंपनीच्या फाटकाशी संपत नाहीत. मुलांची शाळा, राहती खोली, भिशी, गणपती मंडळ, म्हाताऱ्या आईचा नेहमीचा डॉक्टर, सगळं त्यात येतं. कोण सोडणार आणि कोण राहणार याचा अंदाज या गुंतण्यावरून अधिक चांगला बांधता आला. समाधान आणि बाहेरच्या संधी हिशेबात धरूनही.

याचा अर्थ असा, की कंपनी बुडू लागली म्हणून सगळे धागे एकदम तुटत नाहीत. पगाराचा एक धागा तुटतो. बाकीचे तसेच ताणलेले राहतात.

मुंबईत हे अगदी डोळ्यांसमोर घडलं ते जेट एअरवेजमध्ये. 1993 साली सुरू झालेली ही विमान कंपनी 2018 च्या उत्तरार्धात पैशांच्या अडचणीत सापडली. आधी वैमानिक, इंजिनीअर आणि वरचे अधिकारी यांचे पगार लांबले, मग बाकीच्यांचेही. शंभराहून जास्त विमानांचा ताफा काही महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं उड्डाण शेवटचं ठरलं. तोपर्यंत अनेकांनी दुसरीकडची वाट धरली होती. तरीही हजारो माणसं शेवटपर्यंत कामावर होती, आणि पगार थकलेला असतानाही विमानं वेळेवर सुटावीत म्हणून धडपडत होती.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वैमानिकाला काय, दुसरी कंपनी लगेच घेईल. पण विमानाच्या प्रत्येक जातीसाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. जेटच्या देशांतर्गत उड्डाणांचा मोठा भार बोइंग 737 वर होता. स्पाइसजेटकडे तीच विमानं, म्हणून तिथे जेटची शेकडो माणसं सामावली गेली. इंडिगोचा ताफा मात्र मुख्यतः एअरबसचा. तिथे जायचं तर नव्याने शिकायचं, आणि ज्येष्ठतेच्या यादीत खालून सुरुवात करायची. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनीअरचंही तेच, त्याचा परवानाही विमानाच्या जातीशी बांधलेला. वीस वर्षं घासून मिळवलेलं कौशल्य एका विशिष्ट जागीच पूर्ण किमतीला खपतं, हे जुन्या गिरणीतल्या विणकरापासून आजच्या सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे.

आणि नवी नोकरी सापडणार कुठून? अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या आसपास बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ती ओळखीची व्यक्ती तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायची? ‘वारंवार’ असं सांगणारे सहापैकी एकच. बाकीच्यांना बातमी मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण रोज भेटणाऱ्या माणसाला तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. बाबांचे सगळे मित्र कंपनीतलेच होते. लग्नाला तेच, मयताला तेच. शेजारच्या काकांचा मेव्हणा तळोज्याला होता. दोघांच्या हिमतीत फरक होता की नाही मला ठाऊक नाही, मेव्हण्यात मात्र नक्की होता.

आता बाबांच्या मूळ वाक्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात घट्ट गाठ तिथेच आहे. थकलेल्या पगारामुळे माणूस कंपनीपासून दूर जायला हवा, पण तोच पगार त्याला बांधून ठेवतो.

1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये 95 जणांपुढे एक पेच ठेवला. एक तर 3000 खात्रीने गमवा. नाहीतर डाव खेळा, ज्यात 4000 गमावण्याची शक्यता 80 टक्के आणि काहीच न गमावण्याची 20 टक्के. 92 टक्के लोकांनी डाव निवडला. सरासरी काढली तर डावात 3200 जातात, म्हणजे तो तोट्याचाच. पण हेच आकडे गमावण्याऐवजी मिळवण्याचे करून विचारले, तेव्हा 80 टक्के लोकांनी खात्रीचे 3000 घेतले. मिळवताना जपून वागणारा माणूस गमावताना जोखीम पत्करतो, कारण पक्कं नुकसान मान्य करणं त्याला सहन होत नाही.

डायरीतल्या ‘बाकी’च्या रकान्याला हे लावून पाहा. राजीनामा टाकणं म्हणजे तो आकडा आज, स्वतःच्या हाताने खोडणं. थांबणं म्हणजे डाव. नवीन मालक येईल, बँक कर्ज देईल, जमीन विकली जाईल. आणि दर महिन्याला पणाला लागलेली रक्कम वाढते. तिसऱ्या महिन्यात काका तीन पगार सोडून गेले. दहाव्या महिन्यात बाबांना दहा सोडावे लागले असते. म्हणजे जितकं थांबावं तितकं जाणं महाग होत जातं.

अर्थशास्त्र शिकलेले काहीजण याला बुडालेल्या खर्चाच्या मागे धावणं म्हणतात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. आवडला नाही तरी तिकिटाचे पैसे गेले म्हणून शेवटपर्यंत नाटक पाहणं, हा बुडालेला खर्च. केलेल्या कामाचा पगार हे येणं आहे. कायद्याने ते राजीनाम्यानंतरही बुडत नाही. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा देणाऱ्याला वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचा हक्क होता. शेवटचा पगार 26,000 आणि नोकरी वीस वर्षांची असेल, तर महिना 26 दिवसांचा धरून तीन लाख रुपये. पण हक्क असणं आणि पैसे हातात पडणं यांच्यामध्ये कामगार न्यायालयाच्या तारखा असतात. फाटकाच्या आतल्या माणसाला वाटतं, चार पैसे आलेच तर आधी मला मिळतील, कारण मालकाला मशीन चालवायला मी लागतो. ही समजूत बरेचदा खरीही असते. म्हणून थांबणाऱ्याला भाबडा म्हणताना जपून बोलावं.

हे एखाद्या कंपनीपुरतं न राहता अख्ख्या देशात घडलं, ते 1990 च्या दशकातल्या रशियात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने पगार थकवू लागले, आणि 1998 पर्यंत अशी वेळ आली की निम्म्याहून अधिक कामगारांचं काही ना काही येणं बाकी होतं. काही ठिकाणी पगाराऐवजी माल दिला जाई. काचेच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या गूस-ख्रुस्ताल्नी गावात कामगार स्वतः बनवलेले पेले आणि फुलदाण्या रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना विकत उभे राहत. तरी लोक कामावर जात होते. जॉन अर्ल आणि क्लारा सबिर्यानोव्हा यांनी या थकबाकीचा बारकाईने अभ्यास केला. ज्या भागात आजूबाजूचे बहुतेक मालक पगार थकवत होते, तिथे पगार थकला म्हणून नोकरी सोडणारे कमी होते. जाऊन जाणार कुठे, पलीकडच्या फाटकातही तेच. शिवाय सोव्हिएत काळापासून घर, पाळणाघर, दवाखाना अशा कित्येक सोयी कारखान्यामार्फतच मिळत आल्या होत्या. मिचेल यांचे तिन्ही धागे तिथे एकाच फाटकाला बांधलेले होते.

सोडून जाणारे सहकारी राहणाऱ्यांवर काय परिणाम करतात, हा भाग मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो. डेव्हिड क्रॅकहार्ट आणि लायमन पोर्टर यांनी 1980 च्या दशकात फास्ट फूडच्या दुकानांतल्या तरुण कामगारांची नाती तपासली. एका अभ्यासात दिसलं, की नोकरी सोडणं सुटंसुटं होत नाही. एकमेकांसारख्या भूमिकेत असलेली माणसं झुबक्याने जातात. दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उलट वाटेल असा होता. ज्यांचे जवळचे मित्र सोडून गेले, पण जे स्वतः राहिले, त्यांचं कामातलं समाधान आणि बांधिलकी वाढलेली होती. मित्र गेला की ‘मी का नाही?’ हा प्रश्न मनात उभा राहतो, आणि राहणारा माणूस त्याचं उत्तर शोधताना इथल्या चांगल्या गोष्टी नव्याने मोजू लागतो, असं त्यामागचं स्पष्टीकरण. छोट्या दुकानांतलं हे निरीक्षण बुडत्या कारखान्याला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण काका गेल्यानंतरच्या महिन्यांत बाबा साहेबांबद्दल पूर्वी कधी बोलले नव्हते इतकं चांगलं बोलायला लागले होते, हे मला स्पष्ट आठवतं.

ग्रॅनोव्हेटर यांनीच 1978 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: इतके गेले की मीही जाईन. शंभर माणसांचे उंबरठे शून्यापासून नव्याण्णवपर्यंत असतील, तर पहिल्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा असे सगळे उठतात. पण उंबरठा एक असलेल्या माणसाच्या जागी दोनचा माणूस बसवा. पहिला एकटाच उठतो आणि बाकीचे नव्याण्णव जागेवर राहतात. एका खात्यात पळापळ आणि शेजारच्या खात्यात शांतता असेल, तर त्यामागे दोन खात्यांतल्या स्वभावांचा मोठा फरक असेलच असं नाही. एखादं जुनं माणूस अडून बसलेलं असतं, एवढंही पुरतं.

बंद मशीन पुसायला रोज का जायचं, याचं उत्तर मला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाच्या अभ्यासात सापडलं. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांचे सहकारी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेले. त्यांना आढळलं, की लोकांकडे वेळच वेळ असूनही वाचनालयातून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्याने रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत चालायचे. पगाराखेरीज कामाने दिवसाला आकार दिलेला असतो, माणसांत नेऊन बसवलेलं असतं, आणि तू कोण आहेस याचं उत्तर दिलेलं असतं. सकाळचा डबा हा बाबांसाठी त्या आकाराचा भाग होता. हे तेव्हा आईला कळलेलं असावं, कारण शेवटपर्यंत तिने तो डबा एकही दिवस चुकवला नाही.

जेटचा शेवट लांबत गेला. जून 2019 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेलं, कंपनी पुन्हा उडवण्याची योजना मंजूर झाली, रखडली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

आमच्या कंपनीला 1998 च्या पावसाळ्यात टाळं लागलं. दावा अकरा वर्षं चालला. तडजोडीचे चेक वाटले गेले त्या दिवशी मी बाबांबरोबर गेले होते. रांगेत आमच्या पुढे चार माणसं सोडून शेजारचे काका उभे होते. त्यांचे तीन महिने आणि ग्रॅच्युइटी, दोन्ही यादीत होतं. काकांनी मागे वळून हाक मारली, तसे बाबा रांग सोडून त्यांच्यापाशी गेले. दोघांनी एकमेकांचे आकडे पाहिले. मग बाबांनी खिशातून ती डायरी काढली, पानं पिवळी पडली होती, आणि काकांना एक एक रकाना दाखवू लागले.