गझाली, कापूस आणि उज्जैनची वेधशाळा : एका वादाची पार्श्वभूमी

इंदुरात मराठी व्याख्यानांना जाणाऱ्यांनी दोन वाक्यं अनेकदा ऐकली असतील. विज्ञान आणि धर्म हा विषय निघाला की प्रश्नोत्तरांत ती येतातच. पहिलं : इस्लामी जगात विज्ञान भरात होतं, पण अकराव्या शतकाच्या शेवटी गझाली नावाच्या धर्मशास्त्र्यानं तत्त्वज्ञानावर घाव घातला आणि सगळं संपलं. दुसरं : त्यांच्याकडे जे होतं ते मुळात आपल्याकडूनच गेलेलं. दुसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आठव्या शतकात सिद्धान्तज्योतिष बगदादला पोचलं, मागोमाग अंक पोचले, उज्जैनवरून जाणारी मध्यरेषाही अरबी भूगोलात गेली. त्याच सुमारास ग्रीकांचे टॉलेमी (खगोल), युक्लिड (भूमिती) आणि ॲरिस्टॉटलही अरबीत उतरत होते, हे मात्र टाळ्यांच्या गडबडीत राहून जातं.

पहिल्या वाक्याचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. ते इतकं सर्वतोमुखी झालंय की त्याला जन्मतारीख असेल असं वाटत नाही. २९ मार्च १८८३ या दिवशी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रनाँ यांनी इस्लाम आणि विज्ञान या विषयावर व्याख्यान दिलं. अरबी म्हणून ओळखलं जाणारं विज्ञान अरबांचंही नव्हतं आणि इस्लामचंही नव्हतं, ते धर्माला न जुमानता वाढलं आणि धर्म बळकट होताच कोमेजलं, असा त्यांचा रोख. वसाहतींच्या काळातल्या युरोपला ही मांडणी सोयीची होती. तिला उत्तर दिलं मुस्लिम विचारवंत जमालुद्दीन अफगाणी यांनी, त्याच वर्षी मे महिन्यात, पॅरिसच्याच वर्तमानपत्रात. अफगाणी नुकतेच हिंदुस्थानातून गेले होते. त्याआधी काही काळ त्यांचा मुक्काम निजामाच्या हैदराबादेत होता. नोव्हेंबर १८८२ मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात त्यांनी आपल्याच उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, धारेवर धरलं होतं : ॲरिस्टॉटलला तुम्ही जणू मुसलमान समजून वाचता, आणि गॅलिलिओ-न्यूटनचं नाव काढलं की ते काफिर! रनाँना उत्तर देतानाही त्यांनी धर्माची तरफदारी केली नाही. अडवणूक सगळेच धर्म करतात, ख्रिस्ती धर्मानंही केली, आमचा प्रवास काही शतकं उशिरा सुरू झाला एवढंच, असं ते म्हणाले. व्याख्यान गाजलं, उत्तर मागे पडलं.

आता खुद्द गझाली. अबू हामिद अल्-गझाली (१०५८-११११) बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत. १०९५ च्या सुमारास त्यांनी 'तहाफुत अल्-फलासिफा' (तत्त्वज्ञांची विसंगती) हा ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वज्ञांची, मुख्यतः वैद्य-तत्त्वज्ञ इब्न सिनाची, वीस मतं तपासायला घेतली. वीसपैकी फक्त तीन त्यांनी धर्मबाह्य ठरवली : विश्व अनादि आहे, ईश्वराला सामान्य तेवढं कळतं पण एकेक विशेष वस्तू कळत नाही, आणि मृत्यूनंतर देह पुन्हा उठत नाही. या तिन्हींत गणित नाही, वैद्यक नाही, ग्रहगणितही नाही. उलट प्रस्तावनेतच ते बजावतात की ग्रहणाचं गणिती स्पष्टीकरण खोडून काढणं हे धर्मकार्य समजणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो, कारण ज्यानं ते गणित पडताळून पाहिलंय त्याची शंका गणितावर नाही, धर्मावर येईल. तर्कशास्त्र तर त्यांना इतकं आवश्यक वाटलं की उतारवयात धर्मशास्त्राच्या मूलतत्त्वांवर ग्रंथ लिहिताना त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी तर्काचा पाठ घातला. पुढच्या शतकांत मदरशांतून तर्क शिकवला गेला, त्यामागे या गोष्टीचा मोठा हात आहे.

मग घाव कुठे बसला? सतराव्या प्रश्नात. विस्तवाजवळ कापूस नेला की जळतो. आपण म्हणतो, विस्तवानं जाळला. गझाली विचारतात : तुम्ही पाहिलंत काय? आधी विस्तव लागला आणि मग कापूस जळला, एवढंच. एकासोबत दुसरं घडताना दिसलं, एकामुळे दुसरं घडताना दिसलं नाही. दोहोंमधला 'घडलंच पाहिजे' हा सांधा डोळ्यांना कधीच दिसत नाही. नैयायिक आणि चार्वाक यांची भांडणं वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. धूर आणि अग्नी हजारदा एकत्र पाहिले म्हणून सर्वत्र, सर्वकाळ एकत्रच असतील ही व्याप्ती आणलीत कुठून, असं चार्वाकानंही विचारलं होतं. आणि गझालींनंतर साडेसहाशे वर्षांच्या आतच, १७३९ मध्ये, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं हाच सांधा पुन्हा उसवला.

तिघांचे हेतू मात्र तीन. गझालींना चमत्काराला जागा ठेवायची होती. इब्राहीमला आगीत टाकलं आणि तो जळला नाही, हे कुराणातलं कथन अशक्य ठरू नये म्हणून. गझालींच्या अशअरी पंथाचं उत्तर असं की जाळणारा ईश्वर, विस्तव हे निमित्त. आणि ईश्वर आपला रिवाज सहसा मोडत नाही. हा रिवाज भरवशाचा असतो, म्हणून वैद्य औषध देतो आणि ज्योतिषी ग्रहण वर्तवतो. कोर्दोबाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द यानं (११२६-११९८) या सगळ्याला सडेतोड उत्तर दिलं : वस्तूंचे स्वभाव आणि कारणं नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत, कारण बुद्धी म्हणजे कारणं ओळखणं. मला स्वतःला इब्न रुश्दची भीती खरी वाटते आणि गझालींचा प्रश्नही खरा वाटतो. विज्ञानाचं तत्त्वज्ञान म्हणून आज जे शिकवलं जातं त्याचा मोठा भाग या दोघांच्या मधल्या जागेतच चाललेला असतो.

या वादानं विज्ञान संपलं का, हे पाहायला सर्वांत चांगली जागा खगोलाची. कारण तिथे तारखा आणि आकडे हाती लागतात.

गझालींच्याही आधी गणितज्ञ इब्न अल्-हैथमनं टॉलेमीवरच्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. अडचण अशी होती : टॉलेमीचं गणित ग्रहांच्या जागा बऱ्यापैकी बरोबर सांगे, पण त्यासाठी ग्रहाचा वाहक गोल स्वतःच्या केंद्राभोवती नव्हे, तर बाजूच्या एका भलत्याच बिंदूभोवती समगतीनं फिरतो असं धरावं लागे. गाडीचं चाक आसाभोवती वेडंवाकडं आणि रस्त्याकडेच्या खुंटीच्या हिशेबानं मात्र एकसारखं फिरावं, तसा हा प्रकार. कागदावर चालतो, खऱ्याखुऱ्या घन गोलात कसा चालेल? हैथमचा आग्रह असा की आकाशात खरोखर काही तरी फिरतंय, तर मांडणी त्या खऱ्याची हवी. नुसतं उत्तर जुळलं म्हणजे झालं नाही.

यावरचा तोडगा निघाला तो गझालींच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी. १२५९ मध्ये इराणातल्या मरागा इथे मंगोल राज्यकर्ता हुलागू खान याच्या आश्रयानं वेधशाळा उभी राहू लागली. तिचा प्रमुख नसीरुद्दीन तूसी. एका वर्तुळाच्या आत त्याच्या निम्म्या व्यासाचं दुसरं वर्तुळ कडेकडेनं घरंगळू द्या. लहान वर्तुळाच्या परिघावरचा बिंदू मोठ्याच्या व्यासावर सरळ रेषेत मागेपुढे सरकतो. दोन गोल गतींतून एक सरळ गती! या युक्तीनं त्यानं चंद्राच्या आणि बहुतेक ग्रहांच्या बाबतीत त्या भलत्या बिंदूची गरज काढून टाकली. पुढे दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या इब्न अल्-शातिरनं (१३०४-१३७५) चंद्राची जी मांडणी केली, ती कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथातल्या मांडणीशी गणिती अर्थानं तंतोतंत जुळते. १९५७ साली हे साम्य छापून आलं तेव्हा रनाँच्या कथेची शतकांची मोजणीच चुकली. गझालींनंतर संपायचं ते अडीच शतकांनी मशिदीच्या आवारात चालू होतं.

मौज अशी की धर्मशास्त्र्यांनी इथेही तोंड घातलं, आणि त्यामुळे प्रश्न अधिक धारदार झाला. चौदाव्या शतकातल्या अज़दुद्दीन ईजीनं म्हटलं, ज्योतिष्यांची ही वर्तुळं सगळी कल्पनेतली, कोळ्याच्या जाळ्याहून कच्ची. त्यांचं ओझं कशाला बाळगायचं? त्याच्या ग्रंथावर टीका लिहिताना शरीफ जुर्जानीनं (मृत्यू १४१३) मूळ लेखकालाच अडवलं. वर्तुळं कल्पित असतील, पण ती मनाला येतील तशी कल्पिलेली नाहीत. वस्तुस्थितीशी त्यांचा मेळ बसतो, त्यांच्यामुळे आकाशाची रचना हाती येते. वैज्ञानिक सिद्धान्त खरा असतो की नुसता उपयोगी, हा आजच्या एम. ए.च्या वर्गात रंगणारा वाद इथे कलामच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, पोथीच्या समासात चाललेला दिसतो.

या वादाचा सर्वांत धाडसी निष्कर्ष काढला अली कुशजीनं. समरकंदच्या उलुगबेगी वेधशाळेत तो काम करत होता; १४४९ मध्ये तिथला राज्यकर्ता उलुग बेग याचा खून झाल्यावर त्याचा प्रवास अखेर इस्तंबूलला थांबला. त्याचं म्हणणं असं की ज्योतिषाला ॲरिस्टॉटलच्या भौतिकाची मुळीच गरज नाही. निरीक्षण, गणित आणि जुळणाऱ्या शक्यतांमधली एखादी निवड, एवढ्यावर शास्त्र उभं राहतं. आणि तसं असेल तर पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं धरल्यानं काहीच बिघडत नाही. कारणांचा सांधा सैल करणाऱ्या ज्या अशअरी विचाराला विज्ञानाचा मारेकरी ठरवलं जातं, त्याच विचाराचा आधार घेऊन एक खगोलज्ञ ॲरिस्टॉटलच्या जोखडातून मान सोडवून घेत होता.

हा धागा आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा दख्खनात. बहमनी सुलतान फिरोजशाह आठवड्यातले काही दिवस स्वतः भूमिती, खगोल आणि कलाम शिकवत असे, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्याचा वजीर मीर फजलुल्ला इंजू हा तफ्ताजानी या नामांकित कलामपंडिताचा शिष्य. १४०७ मध्ये फिरोजशाहनं दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळेचं काम सुरू केलं, पण ते सांभाळणारा हकीम हसन गिलानी वारला आणि बांधकाम तसंच राहिलं.

दुसऱ्यांदा आला तो माळव्याच्या वाटेवर. जयपूरचा राजा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता. त्याच्याच मध्यस्थीनं १७४१ मध्ये पेशव्यांना माळव्याची नायब सुभेदारी मिळाली, आणि इंदूर होळकरांचं, उज्जैन शिंद्यांचं ही आपल्या ओळखीची घडी पक्की झाली. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी जयसिंगानं वेधशाळा बांधल्या. पितळी यंत्रं लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून दगडचुन्याची मोठी यंत्रं केली, असं त्याच्या 'जीज-ए-मुहम्मदशाही' या सारणीच्या, म्हणजे ग्रहांच्या जागांच्या तक्त्यांच्या, प्रस्तावनेत आहे. त्याच प्रस्तावनेत तक्रारही आहे : उलुग बेगची सारणी, शाहजहानच्या काळातली मुल्ला फरीदची सारणी, हिंदूंचे ग्रंथ आणि युरोपीय सारण्या, कशातलंच गणित आकाशाशी जुळत नाही. दृक्‌प्रत्यय येत नाही, म्हणजे गणित आकाशात दिसतं त्याशी जुळत नाही, म्हणून पंचांग बदला, असा वाद घालणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे गाऱ्हाणं परकं वाटलं नसतं.

जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटानं तूसीनं सिद्ध केलेल्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात आणला, तोच 'रेखागणित'. टॉलेमीही त्याच वाटेनं आला. पण मला सर्वांत विलक्षण वाटतं ते नयनसुखोपाध्यायाचं काम. १७२९ मध्ये जयपूरला त्यानं मुहम्मद आबिद यांच्या मदतीनं तूसीच्या 'तज़किरा' या खगोलग्रंथातलं एकच प्रकरण, बीरजंदीच्या अरबी टीकेसह, संस्कृतात उतरवलं. निवडलेलं प्रकरण नेमकं ते, जिथे दोन वर्तुळांतून सरळ रेषा निघते. सगळा ग्रंथ सोडून नेमकी हीच पानं कुणी तरी मागितली, याचा अर्थ टॉलेमीची अडचण कुठे आहे हे त्या दरबारात ठाऊक होतं.

उज्जैनची वेधशाळा पुढे पडीक झाली. ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्राची आणि भित्तियंत्राची माहिती तिथल्या फलकांवर मिळते. मरागा आणि समरकंदशी असलेल्या नात्याबद्दल मात्र बाहेर पडणाऱ्या फारच थोड्यांना काही ठाऊक असतं. चिंतामण गणपतीला जाता-येता आपण तिथून जातो, मुलांना सावली मोजून वेळ दाखवतो आणि परततो.

जयसिंगावर एक आरोप नेहमी होतो : दुर्बीण आणि कोपर्निकस दाराशी आले असताना हा राजा जुन्या दगडी यंत्रांना चिकटून बसला. घडलं ते असं. १७२७ मध्ये त्यानं पाद्री मानुएल द फिगैरेदो यांच्यासोबत पोर्तुगालला मंडळी धाडली. ती परत आली तेव्हा त्यांच्याकडे पॅरिसच्या फिलीप द ला हीर यांच्या ग्रहसारण्या होत्या. जयसिंगानं त्या पडताळल्या आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक काढली. पण त्या सारण्यांत सूर्य मध्यभागी आहे की पृथ्वी, कक्षा गोल की लंबगोल, याबद्दल वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. त्या निव्वळ निरीक्षणांवरून रचल्या आहेत, कोणतंही गृहीतक धरलेलं नाही, अशी ग्वाही ला हीरनी शीर्षकातच दिली होती. युरोपकडून जयपूरला पोचलं ते ईजी आणि कुशजीला खुशाल चाललं असतं असं विज्ञान : आकडे घ्या, कारणं विचारू नका.