पासिंगला गाडी परत का येते?

कापसाचा हंगाम तोंडावर आला की घाटंजी, आर्वीकडून पिकअप आणि ट्रक पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला निघतात, आणि त्यातले बरेच संध्याकाळी तसेच परत येतात. ब्रेक चांगले, लाइट चांगले. घोडं अडतं स्पीड गव्हर्नरवर, म्हणजे गाडीला ठरलेल्या वेगापुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रावर. दिवस, डिझेल आणि त्या दिवसाचं भाडं, तिन्ही बुडालं.

केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या व्यावसायिक गाडीला गव्हर्नर हवा, ताशी ८० किलोमीटरला बांधलेला. डंपर, टँकरला ६०. तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी यांना सूट. इथे तारीख हमखास चुकते. आरसीवर नोंदणीची नव्हे, गाडी तयार झाल्याची तारीख बघा. सप्टेंबरात बनून डिसेंबरात नोंदलेली गाडी जुन्यांत मोडते. पण जुनी म्हणजे सुटली असं नाही. तिच्या प्रकाराला राज्य शासनाची अधिसूचना लागू आहे का, ते आरटीओत विचारूनच निघा.

खरी गोम गव्हर्नरच्या प्रमाणपत्राची. गव्हर्नर कंपनीत किंवा शोरूममध्येच बसतो, कागद पहिल्या मालकाच्या कपाटात राहतो, आणि तिसरा मालक म्हणतो, "मला तर कोणी दिलाच नाही." ज्या शोरूमची गाडी आहे तिथे तो कागद मागा. हाती आला की त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एक आकडा चुकला तरी खिडकीवरचा माणूस ऐकत नाही, आणि ऐकावं अशी त्याची इच्छाही नसते. गव्हर्नर नंतर बसवून घेतला असेल, तर ऑनलाइन नोंद झाली का हे बसवणाऱ्यासमोरच तपासा.

आणि भाऊ, गव्हर्नरची तार काढू नका. ओव्हरटेकला जोर मिळत नाही म्हणून ड्रायव्हर ती काढून घेतो आणि पासिंगच्या आदल्या रात्री मेकॅनिककडून जोडतो. तुटलेलं सील अधिकाऱ्याला लगेच दिसतं. गव्हर्नर ब्रेक मारत नाही, ॲक्सिलरेटरचा जोर कापतो. रात्री काळोख्या रस्त्यावर समोर बैलबंडी आली तर तेवढाच काय तो आधार.

विमा, पीयूसी, कर, परमिट नेहमीप्रमाणे. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांची, पुढे दरवर्षी. इथेही बरेचजण मागच्याच हिशेबाने बसून राहतात.

अर्ज ऑनलाइन. त्याआधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा. जुन्या मालकाचा असला, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि तो शेतातून घरी येईपर्यंत तुम्ही सेतू केंद्रात बसून राहाल.